साबण लिव

रंजिता नाखवाला कुणी हुशार म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. गेली चौदा वर्षं, म्हणजे पनवेलच्या शाळेत आठवीत पहिली आली तेव्हापासून, हा शब्द तिला कधी एकटा मिळालाच नव्हता. त्याच्या आधी नेहमी एक 'असून' यायचं. कोळ्याची असून हुशार. आई मासळीबाजारात बसत असून हुशार. कळंबोलीच्या पुढे, एक्सप्रेसवेच्या तोंडाशी काचेच्या भिंतींची एक संशोधन संस्था आहे. तिथे मेंदूविज्ञानाच्या पीएचडीसाठी तिची मुलाखत झाली तेव्हा समोरच्या पाच जणांपैकी एक जण म्हणाला होता, "तुमच्याकडे बघून वाटत नाही हं." काय वाटत नाही ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. आपण तेव्हा का विचारलं नाही, याचा राग तिच्या अंगात चार वर्षं मुरत होता.

मुरायला संस्थेनेही भरपूर मदत केली. रंजिताच्या प्रयोगशाळेत वासावर काम चालायचं. मेंदूतला वास ओळखणारा भाग आठवणींच्या भागाला खेटून असतो, आणि म्हातारपणी विसरायला होणार असेल तर काही जणांच्या बाबतीत त्याआधीच वास ओळखता येईनासे होतात. हे सगळं रंजिताला मनापासून आवडायचं. पण पहिल्याच महिन्यात तिने डब्यात कोलंबी-वांगं आणलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजवर छापील कागद लागला: 'वासाचे संशोधन सुरू असल्याने येथे मांसाहारी पदार्थ ठेवू नयेत.' कागद लावणारा कल्पेश. तिच्यापेक्षा दोन वर्षं पुढचा विद्यार्थी, आकडेवारीत तरबेज, वडिलांचं पनवेलमध्ये कापडाचं दुकान.

"पर्सनली घेऊ नकोस हं," तो म्हणाला. "मला काही प्रॉब्लेम नाही. पण आपली सॅम्पल्स असतात ना."

सॅम्पल्स तळघरातल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये असायची. त्याच वर्षी डेन्मार्कहून एक पाहुणे प्राध्यापक आले. त्यांचा ट्यूना माशाचा डबा त्या फ्रीजमध्ये चार दिवस राहिला, आणि दुपारी तो गरम करून द्यायला कल्पेशच धावायचा. रंजिता तेव्हापासून जिन्याखाली बसून जेवू लागली.

तिच्या गाइड म्हणजे डॉ. कुमुद सरदेशपांडे. बाई गोड बोलायच्या. इतक्या गोड, की काय काढून घेतलं ते घरी गेल्यावर कळायचं. संस्थेच्या समावेशन समितीच्या अध्यक्षा त्याच होत्या. सर्व थरांतल्या मुलांना विज्ञानात सामावून घ्यायचं, हे त्या समितीचं काम. सामावून घेण्याचा पहिला कार्यक्रम म्हणून त्यांनी रंजिताला कोळणीचं लुगडं नेसून, केसांत वेणी माळून सूक्ष्मदर्शकाशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. तो फोटो संस्थेच्या माहितीपत्रकावर आला, दाराशी भिंतीएवढा मोठा करून लावला गेला. रोज आत शिरताना रंजिताला स्वतःच्या तोंडासमोरून जावं लागायचं. रंजिता घरात कधी लुगडं नेसली नव्हती. तिची आईसुद्धा साडीच नेसायची. आणि तरी त्या फोटोत ती हसत होती, हे तिला सगळ्यात जास्त झोंबायचं.

आई म्हणजे मैना. पनवेलच्या मासळीबाजारात मैनाचा ओटा छत्तीस वर्षांचा. पहाटे टेम्पोतून करंजा बंदरावर जायचं, लिलावात भांडून म्हावरं घ्यायचं, आठच्या आत ओट्यावर मांडायचं. नवरा गेल्यावर याच ओट्यावर तिने दीपेशला आणि रंजिताला वाढवलं. दीपेश आता बंदरात क्रेनवर आहे, त्याचं लग्न झालंय, घरात फ्रीज आहे, टीव्ही आहे, मैनाने पहाटे उठायची काही गरज नाही, असं सगळे म्हणत. मैना मात्र एक दिवस ओट्यावर बसली नाही तर घरातल्या भांड्यांशी भांडायची. एवढं एकच ठिकाण असं होतं जिथे तिला कुणी काही सांगत नसे, तीच सगळ्या जगाला सांगत असे.

तर कुमुद मॅडमना एक कल्पना सुचली. बाजारात बसणाऱ्या साठीच्या आसपासच्या चाळीस कोळणी आणि नवीन पनवेलच्या सोसायट्यांतल्या त्याच वयाच्या चाळीस बायका, दोन्ही गटांची वास ओळखायची चाचणी घ्यायची आणि तुलना करायची. "तुझ्याशिवाय कोण आणणार गं त्यांना?" मॅडम म्हणाल्या. "तुझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरणच होऊन जाईल." रंजिताने घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. कुणी म्हणाली, आमच्या नाकात काय बघतेस? कुणी म्हणाली, चहा देणार का? शेवटी सगळ्या आल्या त्या मैनाची पोर म्हणून.

चाचणी साधी होती. बारा कुप्या. एकेक कुपी नाकाशी धरायची, चार नावं वाचून दाखवायची, बाईने त्यातलं एक सांगायचं. माहीत नाही असं म्हटलेलं चालणार नाही. चाचणी घेणाऱ्याने ठरलेल्या वाक्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. बारापैकी नऊ आले तर ठीक, कमी आले तर शंका. सोसायटीतल्या बायकांची चाचणी संस्थेच्या थंडगार खोलीत एकेकीला बोलावून झाली, शेवटी बिस्किटं दिली. कोळणींसाठी कोळीवाड्यातलं समाजमंदिर ठरलं. एक टेबल, आणि तीन पावलांवर चटईवर बसलेल्या बाकीच्या एकोणचाळीस जणी.

"मॅडम, आडोसा तरी हवा," रंजिता आदल्या दिवशी म्हणाली होती. "सगळ्या ऐकत बसतील."

"अगं, त्या एकमेकींना ओळखतात. उलट कम्फर्टेबल राहतील. आणि एका दिवसात उरकायचंय, दुपारी चॅनेलवाले येणार आहेत."

सातव्या कुपीत मासळीचा वास होता. म्हणजे कुपी बनवणाऱ्यांच्या मते मासळीचा. रंजिताने पहिल्यांदा झाकण काढलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं, हा ताज्या म्हावऱ्याचा वास नाही. ताज्या म्हावऱ्याला असा वास येतच नाही. त्याला खाऱ्या पाण्याचा वास येतो, फार तर शेवाळाचा. हा दीड दिवस उन्हात पडलेल्या मासळीचा वास होता. ज्यांनी मासळी फक्त दुरून, नाक धरून पाहिली त्यांना तोच मासळीचा वास वाटणार. सोसायटीतल्या चाळीसही जणींनी क्षणात 'मासळी' म्हणून सांगितलं होतं.

आता बाजारातली एक रीत सांगायला हवी. मासळीबाजारात एखाद्या कोळणीच्या पाटीला वास येतो असं म्हणणं म्हणजे तिच्या सात पिढ्यांना शिवी देणं. गिऱ्हाईक म्हणालं तर कोयता आपटला जातो. शेजारणीने म्हटलं तर वर्ष-वर्ष बोलणं बंद होतं. एखादीच्या मांदेलीला खरोखर वास सुटलाच तर बाकीच्या तोंडाने काही बोलत नाहीत. शेजारीण उठते, ती पाटी फडक्याने झाकते आणि पायाने मागे सारते. एवढंच. तो वास आणि म्हावरं हे दोन शब्द एका वाक्यात कुणी घ्यायचे नसतात, आणि इतर कोळणींच्या देखत तर कधीच नाही.

मैना टेबलाशी बसली. रंजिताने सातवी कुपी धरली आणि ठरल्याप्रमाणे वाचलं, "गुलाब, साबण, मासळी, कांदा."

मैनाने हुंगलं. मग लेकीकडे असं पाहिलं, की जणू लेकीने भर बाजारात तिच्या पाटीवर नाक मुरडलंय. चटईवरच्या माना वळल्या.

"हे म्हावरं नाय," मैना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "उकिरड्यावरचं हाय कायतरी. माज्या पाटीला असा वास कंदी आला नाय. साबण लिव."

आपल्या आईने वास केवळ ओळखला नव्हता, तर किती तासांचा आहे तेही ती सांगू शकली असती, हे रंजिताला समोरच्या टेबलाइतकं स्वच्छ दिसत होतं. मागे कुमुद मॅडम उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. रंजिताने 'साबण' या चौकोनात खूण केली आणि आठवी कुपी उचलली.

मैनापाठोपाठ तिची जुनी शेजारीण वेणू बसली. दोघींचे ओटे लागून. वेणूनेही हुंगून फटकन सांगितलं, "साबण." चाळीसपैकी सदतीस जणींनी साबण, कांदा नाहीतर गुलाब म्हटलं. आणखी तीन कुप्या परदेशातल्या कुठल्याशा झाडापाल्याच्या होत्या, त्या सोसायटीवाल्यांनाही आल्या नव्हत्या. फरक पडला तो या एका कुपीने. सोसायटीच्या बायकांना नऊ, कोळणींना आठ.

कल्पेशने आकडे लावले, कुमुद मॅडमना आनंद झाला. किनाऱ्यावरच्या श्रमिक स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंशाची लवकर सुरुवात, असं शोधनिबंधाचं नाव ठरलं. रंजिताने तेव्हा सातव्या कुपीबद्दल तोंड उघडलं. मॅडमनी ऐकून घेतलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपल्या माणसांबद्दल हळवं होणं मी समजू शकते." रंजिता गप्प बसली. एक वर्ष राहिलं होतं, मधलं प्रकरण तयार होतं.

हे तेवढ्यावरच राहिलं असतं तर कदाचित या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण समावेशन समितीच्या डोक्यात आलं की समाजाकडून नुसतं घ्यायचं नाही, परत द्यायचं. म्हणून मॅडमनी सदतीस जणींच्या घरी संस्थेच्या शिक्क्याची पत्रं पाठवली. रंजिताला कळलं ते पत्र घरी आल्यावर. 'आपल्या कुटुंबातील सदस्य श्रीमती मैना यांच्या स्मरणशक्तीत घट सुरू झाली असण्याची शक्यता आहे. त्यांना एकटे प्रवास करू देऊ नये व जोखमीची कामे देऊ नयेत.'

इतर घरांत त्या पत्रांचं फारसं काही झालं नाही. कुणी चुलीत घातलं, कुणी त्यावर सुकट वाळत टाकली. वेणूने तर त्याची पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली. पत्रावर विश्वास ठेवला तो फक्त नाखवांच्या घरात, कारण तिथली पोर त्याच ऑफिसात होती.

"तुज्याच ऑफिसचं हाय ना?" दीपेशने विचारलं. "मंग खोटं कसं असंल?"

"अरे, ती चाचणीच चुकीची..."

"चुकीची व्हती तर तू घेतलीस कनाला?"

दीपेश वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला होता. बापाला वेळेवर दवाखान्यात नेलं गेलं नाही, ही लहानपणची भीती तो अजून वाहत होता. त्याने टेम्पोवाल्याला सांगून टाकलं, आईला घ्यायचं नाही. पहाटे दाराला आतून कुलूप लागू लागलं. मैना पहिले तीन दिवस ओरडली. तिने सुनेचा उद्धार केला, मुलाचा केला, कुलपावर वरवंटा घातला. पण ती जितकी ओरडे तितकी घरातली माणसं एकमेकांकडे बघत, बघ, पत्रात लिहिलंय तसंच होतंय. चौथ्या दिवशी तिच्या ते ध्यानात आलं आणि ती गप्प झाली. मग ती गप्प का झाली म्हणून सगळे घाबरले.

दोन आठवड्यांत बाजारात वेणूची पाटी मैनाच्या ओट्यावर वीतभर सरकली. वेणूचाही दोष नव्हता. बाजारातली रिकामी जागा महिनाभर कुणासाठी थांबत नाही. रंजिताने ते पाहिलं आणि त्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेलीच नाही. सातवी कुपी तिच्या पिशवीत होती. ती ओट्या-ओट्यावरून फिरली. एकेकीला बाजूला, बर्फाच्या पेट्यांमागे नेलं आणि एकच विचारलं, मावशी, कुणी ऐकत नाय, हे काय हाय ते खरं सांग. बारा जणींना विचारलं. बाराही जणींनी सांगितलं, आणि नाव न घालता एकेकीचं उत्तर तिने एकेका कागदावर उतरवलं. वेणूने तर डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाली, "बांगडा. कालच्या दुपारचा, बर्फ न लावलेला. पन मी सांगितला म्हनून बोलू नको कुनाला."

ते बारा कागद घेऊन रंजिता कुमुद मॅडमच्या खोलीत शिरली. कल्पेश तिथेच लॅपटॉप उघडून बसला होता.

"पत्रं परत घ्या, मॅडम. चाचणीत खोट आहे."

मॅडमनी कागद चाळले. "हे तू कुणाच्या परवानगीने केलंस?"

"माझ्या आईला घरात कोंडलंय."

"मला वाईट वाटतंय, खरंच. पण निकाल आल्यावर प्रश्न बदलायचा, हे विज्ञान नाही, रंजिता. ही जगभर वापरतात ती चाचणी आहे."

"जगभरात किती कोळणींना विचारलंय?"

"आवाज खाली ठेव," कल्पेश म्हणाला. "मॅडमनी तुझ्यासाठी किती केलंय, विसरलीस का?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझा फ्रीज सांभाळ."

मॅडमनी हात वर केला. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "चाचणी एकांतात घ्यायची, असं नियमावलीत लिहिलंय. तू ती सगळ्यांच्या समोर घेतलीस. बायका दुसरंच काहीतरी सांगतायत हे तुला कळत होतं, असं तूच आता म्हणतेस. तरी तू खूण केलीस. सगळ्या कागदांवर चाचणी घेणारी म्हणून सही तुझी आहे. पत्रं परत घेता येतील. पण मग कारण द्यावं लागेल. चाचणी घेणारीची चूक. तू तसं लिहून दे, मी आज पत्रं काढते. अर्थात मग ते प्रकरण तुझ्या प्रबंधात राहणार नाही, आणि वार्षिक आढाव्यात याची नोंद होईल. पुढच्या वर्षी तुझी नोंदणी चालू ठेवायची की नाही, हे मग समिती ठरवेल."

"आडोसा मी मागितला होता."

"लेखी मागितला होतास?"

रंजिताने मॅडमकडे पाहिलं. तिला त्या बाईचा इतका संताप आला की टेबलावरच्या पेपरवेटकडे हात गेला आणि तिने तो मागे घेतला. आणि तरी बाईच्या बोलण्यातला एक शब्द काही केल्या खोटा पाडता येत नव्हता. कळत होतं, तरी खूण केली. तिने कागद ओढला, मॅडम सांगतील तसं लिहिलं, खाली सही केली. कल्पेश हळूच म्हणाला, "वेडी आहेस का? सहा महिन्यांत सगळे विसरले असते." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छापलेली सदतीस पत्रं हातात पडेपर्यंत ती त्या खोलीत उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

दीपेशने नवं पत्र दोनदा वाचलं. शिक्का तोच होता, म्हणून त्याने यावरही विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे कुलूप उघडलं. मैना टेम्पोत बसून करंज्याला गेली आणि आठच्या आत ओट्यावर हजर झाली. वेणूची पाटी तिने तोंडातून शब्द न काढता पायाने वीतभर मागे सारली. वेणूने ती आणखी थोडी आपल्याकडे ओढून घेतली.

दहाच्या सुमारास रंजिता उरलेली पत्रं वाटायला बाजारात आली. वेणूने पत्र उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलंय?" रंजिताने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. चाचणी घेणाऱ्या रंजिता नाखवा यांच्या चुकीमुळे आधीचा निकाल रद्द करण्यात येत आहे.

"म्हंजी आमी येड्या नाय, तूच येडी!" वेणू ओरडली आणि अख्खी रांग हसली. कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी एक सुका बोंबील रंजिताच्या अंगावर फेकला. रंजिताही कसनुशी हसली.

मैना हसली नाही. ती पापलेट साफ करत होती. कोयता न थांबवता तिने विचारलं, "मी साबण लिव बोल्ले तवा तुला ठावं व्हतं ना, मी वास वलकलाय म्हनून?"

"व्हतं, आये."

"मंग?"

रंजिताच्या मनात पुष्कळ होतं. मॅडम, चॅनेलवाले, घड्याळ, नियमावली. ते सगळं तिने बाजूला सारलं.

"मला तिथं ऱ्हायचं व्हतं," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला ठेवलं नसतं."

मैनाने पापलेटाचं पोट फाडलं, आतलं काढून बाजूला टाकलं, पाण्यात हात बुडवला. तिने मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं की राग नव्हता. बाजारात नवख्या माणसाकडे पाहतात तसं तिने लेकीकडे पाहिलं.

"बाजूला व्ह," ती म्हणाली. "मागं गिऱ्हाईक उभं हाय."